मला न झालेला टायफॉइड

दाताच्या दुखण्याला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. हृदयाचं काही निघालं तर लोक शहाळी घेऊन भेटायला येतात, दाताचं म्हटलं की "लवंग धर" म्हणून वाटेला लागतात. माझे होते नव्हते ते सगळे दात तिशीच्या आत काढले. त्याआधी आठ दिवस मी दवाखान्यात पडून होते. तरी आमच्या शिवाजी पेठेत अजून सगळे म्हणतात, शोभाचं मध्ये जरा दाढेचं झालं होतं. म्हणून काय झालं ते मीच लिहून ठेवते. ज्यांच्या घरात असे दात आहेत आणि त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही, त्यांनी हे वाचावं. दातांपेक्षा मला त्या न बोलण्याबद्दलच जास्त सांगायचं आहे.

दात

माझ्या दातांचा रंग कोऱ्या चहासारखा होता. किडके नव्हते, घाण नव्हते, पण त्यातून उजेड आरपार जाईल असं वाटायचं, आणि बाजूने बघितलं की निळसर झाक मारायची. माझं माहेर कोडोलीचं. शाळेत पोरी विचारायच्या, "मिसरी लावतीस काय गं?" मी राखुंडीने घासघास घासायची. हिरड्यांतून रक्त यायचं, रंग तसाच राहायचा.

कोडोलीत ऊस सोलायला विळा कुणी शोधत नाही, तोंडानेच सोलतात. सात वर्षांची असताना गुऱ्हाळावर सगळ्या भावंडांबरोबर मीही कांड्याला तोंड लावलं आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. मी रडत आईकडे गेले. तिने तो टवका माझ्या हातातून घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि तिथं बसलेल्या बायकांना सांगितलं, "जावळात हुती तवा टायफाड झालता हिला. डॉक्टरनं लई कडक औषधं दिली. जीव वाचला, पर दात करपलं की."

ही गोष्ट मी पुढं इतक्या वेळा ऐकली की मला तो टायफॉइड आठवायलाच लागला. घोंगड्यात गुंडाळलेली मी, चिखलातून चाललेली बैलगाडी, कंदिलाच्या उजेडात डॉक्टरची पेटी. कुणी विचारलं की मी आईच्या आधीच सांगून मोकळी व्हायची.

बारावीनंतर मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली. माझ्यासाठी याहून चांगली नोकरी जगात नव्हती. दिवसभर बोलायचं आणि तोंड कुणाला दाखवायचं नाही! लोक म्हणायचे, बाईंचा आवाज काय गोड आहे. आमचे हे तेव्हा शिरोलीला एका फाउंड्रीच्या ऑफिसात होते. पुण्या-मुंबईचे ट्रंक कॉल माझ्याकडूनच लावून घ्यायचे. म्हणजे ह्यांनी आधी माझा आवाज ऐकला, मग स्थळ म्हणून बघायला आले. दात बघून जरा दचकले असणार, पण तोंडावर तसं दाखवलं नाही.

सासूबाईंनी मात्र पोह्याची बशी खाली ठेवून सरळ विचारलं, "पोरीचं दात असं कशानं?" आईने टायफॉइड सांगितला. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "औषधानं झालं म्हंजे रक्तात न्हाय," म्हणाल्या आणि बशी पुन्हा उचलली. माझं लग्न त्या एका वाक्यावर ठरलं.

बाटली

लग्नानंतर दोन वर्षांनी स्नेहल झाली. तिच्या पाळण्याशी उभी राहून मी एकच गोष्ट ठरवली होती. हिचे दात माझ्यासारखे होऊ द्यायचे नाहीत. तिच्या तोंडात एक थेंबही कडक औषध जाऊ द्यायचं नाही. सर्दीला ओवा, पोटाला हिंग, तापाला कपाळावर पट्ट्या. शेजारच्या बायका म्हणायच्या, शोभा किती काळजी घेते. मलाही स्वतःचं कौतुक वाटायचं.

सात महिन्यांची असताना तिला जोराचा ताप आला. डावा कान धरून ती किंचाळायची. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि उकळलेल्या पाण्यात पूड कालवून द्यायची एक बाटली लिहून दिली. मी विचारलं, "ह्यानं दात खराब होतील का?" ते म्हणाले, "नाही हो बाई. ते औषध वेगळं असतं, ते आता आम्ही लहान मुलांना देतच नाही." मी मान हलवली. मनात म्हटलं, माझ्या आईलाही कुणीतरी असंच सांगितलं असेल.

घरी आले. ह्यांनी येताना बाटली आणली होती. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. कोडोलीहून माझी आई आली होती, स्नेहल तिच्या मांडीवर होती. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळी पूड मोरीत ओतून वरून तांब्याभर पाणी सोडलं.

आत्या ओरडल्या, "अगं काय करतीस? पोरगी तापलीया!"

"माझ्यासारखे दात व्हायला नकोत तिचे."

"दाताचं काय घिऊन बसलीस? औषध लिवून देणारा डॉक्टर काय खुळा हाय व्हय?"

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिने मान खाली घातली आणि स्नेहलच्या अंगावरचं दुपटं नीट करत बसली. तिलाही पटलंय असंच मी समजले.

लसूण घालून कढवलेलं तेल मी त्या कानात सोडत राहिले. चौथ्या दिवशी कानातून पू आला आणि ताप उतरला. मी आत्यांना म्हटलं, "बघा, औषधाशिवाय बरी झाली की नाही?" हे मी म्हटलं होतं. मला ते शब्द आजही जसेच्या तसे आठवतात.

कान पुढं अधूनमधून वाहत राहिला. वाहिला की मी कापसाने पुसायची.

अकराव्या महिन्यात स्नेहलच्या खालच्या हिरडीत दात लागला. आत्यांनी बोट घालून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी पोरीला उजेडात नेलं. कोरा चहा.

त्या दिवशी मी जे बोलले त्याची मला आज लाज वाटते. मी आत्यांना म्हटलं, "तुम्ही चोरून औषध दिलंत." त्यांनी स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हटलं, शपथा काय कुणीही घेतं. तीन महिने आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात एकमेकींशी न बोलता वावरलो. मीठ हवं असलं तरी मी ह्यांच्यामार्फत मागायची. ह्यांची तर पार गोची झाली, आईची बाजू घ्यावी तर बायको उपाशी झोपते आणि बायकोची घ्यावी तर आई.

हे सगळं माझ्या आईला माहीत होतं. दर आठवड्याला एसटीने यायची, माझी गाऱ्हाणी ऐकायची आणि म्हणायची, "जाऊ दे शोभे. सोड."

आठ दिवस

स्नेहल तीन वर्षांची झाली तोवर माझे दात हिरडीपर्यंत झिजले होते. भाकरी दुधात कुस्करून खायची. झिजलेल्या दाताला कळ नसायची, हे एक बरं होतं. मग एका सकाळी उठले तर उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला. संध्याकाळी तोंड उघडेना, दुसऱ्या दिवशी गिळता येईना आणि सूज गळ्यापर्यंत उतरली. ह्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं की सूज श्वासनलिकेवर आली तर अवघड होईल. मला ते ऐकू आलं. ऑपरेटरचे कान असतात माझे.

बाहेरून चीर देऊन पू काढला. तोंडात नळी, हाताला सलाईन, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं. बोलायची बंदी होती आणि बोलून पोट भरणाऱ्या बाईला पाटीवर लिहून पाणी मागावं लागत होतं. भीती वाटायची ती मरणाची नव्हे. माझ्यामागे ही पोरगी असले दात घेऊन कुणाच्या दारात उभी राहील, याची वाटायची. तिचे दुधाचे दात तीन वर्षांतच झिजायला लागले होते.

शेजारच्या खाटेवर गगनबावड्याची एक म्हातारी होती, पायाला जखम झालेली. ती माझ्याशी तासन्‌तास बोलायची, आणि मला उत्तर देता येत नाही याचं तिला काहीच नव्हतं. तिकडचा पाऊस, कुजलेली भातं, सुनेचा फटकळपणा. मधूनच म्हणायची, "तू बोलत न्हाईस ते बरं हाय बाई. माझं कुणी यवडं ऐकलंच न्हवतं." मला हसू यायचं आणि टाके ओढायचे.

आत्या रोज दुपारी पेजेचा डबा घेऊन पायी यायच्या. दोन वर्षांत माझ्याशी कामापुरतंच बोललेल्या बाईने चमच्याने मला पेज भरवली. एक चमचा तोंडाबाहेर सांडला तर पदराने पुसला.

आईची कवळी

सूज उतरल्यावर आम्हाला राजारामपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तरुण होते, चष्म्यातून नीट बघणारे. मी, हे, आणि स्नेहलला घेऊन आई, असे आम्ही गेलो. त्यांनी माझ्या जबड्याचा फोटो काढला आणि बराच वेळ उजेडाला धरून ठेवला.

"घरात अजून कुणाचे असे दात आहेत?"

मी टायफॉइड सांगितला. घोंगडं, बैलगाडी, सगळं.

त्यांनी स्नेहलला खुर्चीत बसवलं, तिला आरसा दिला आणि तिच्या तोंडात बघितलं. मग मला म्हणाले, "हिलाही टायफॉइड झाला होता का?"

ते आईकडे वळले. "आजी, तुमचे दात जरा बघू."

"माझं काय बघताय?" आईचा पदर तोंडावर गेला. "मला कवळी हाय."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. तिचे दात पांढरे आणि सरळ, ते कवळीचे असतील हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. माझी आई सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर निजायची. तिला चूळ भरताना मी कधी बघितलं नव्हतं, हे मला तिथं डॉक्टरांसमोर कळलं.

"किती वर्षं झाली कवळीला?"

"झाली की लई."

"सगळे दात एकदम काढले? का?"

डॉक्टर थांबले. चांगला माणूस होता, त्याने घाई केली नाही. शेवटी आई भिंतीकडे बघत म्हणाली, "माझं बी असंच हुतं. माझ्या आईचं बी. मिरजंला माझ्या बानं समदं काढून आणलं, लग्नाआधी."

मग डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. दाताचं वरचं कवच वेगळं असतं आणि आतला भाग वेगळा. आतल्या भागाला डेंटिन म्हणतात. ते तयार करणाऱ्या खास पेशी असतात. मूल आईच्या पोटात असतानाच त्या कामाला लागतात आणि मग दात असेपर्यंत आतून थर देत राहतात. आमच्या घराण्यात त्या पेशींनी केलेला मालच कच्चा निघतो. "गिलावा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले, "पण आतल्या विटा कच्च्या. म्हणून गिलावा धरत नाही, टवके उडतात." औषधाचा संबंध नाही, पाण्याचा नाही, राखुंडीचा नाही. आईकडून किंवा बापाकडून येतं. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला यायची निम्मी शक्यता.

त्या पेशींचा मला कधी राग आला नाही. बिचाऱ्या जन्मभर थरावर थर देत बसतात, दाताची आतली पोकळीसुद्धा भरून टाकतात. आपलं काहीतरी चुकतंय हे त्यांना कोण सांगणार? माझ्या आईला मात्र माहीत होतं.

मी डॉक्टरांसमोरच विचारलं. "आई, मग माझा टायफॉइड?"

"न्हाय झालता."

"कधीच?"

"खरं सांगितलं असतं तर तुझं लगीन झालं असतं व्हय गं? रक्तात हाय म्हटल्यावर कोण करतंय?"

हे उठले आणि गाडी बघून येतो म्हणून बाहेर गेले. गाडीला काही झालं नव्हतं.

"आणि स्नेहलचा कान?" मी म्हटलं. "मी औषध मोरीत ओतलं तेव्हा तू तिथं होतीस. पोर तुझ्या मांडीवर होती."

आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. "हुते की. पार तोंडात आलतं शोभे. पर तुझी सासू समोर बसलीती."

तिच्या पाठीमागे स्नेहल आरशात बघून दात मोजत होती. डॉक्टरांनी हाक मारली, "बाळ, इकडं बघ." हाक डावीकडून आली होती. तिने वळून बघितलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांना दाखवलंय का हिला?"

चार टोप्या

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा फाटला आहे आणि आतली बारीक हाडं पुवाने खाल्ली आहेत. वेळेवर औषध मिळालं असतं तर, असं त्यांनी सुरू केलं आणि माझा चेहरा बघून वाक्य सोडून दिलं. पुढं मिरजेला ऑपरेशन केलं. कान वाहायचा थांबला. ऐकू आलं नाही.

स्नेहलचे दात वाचवायचे तर दुधाच्या दाढांवर ताबडतोब स्टीलच्या टोप्या बसवायला हव्या होत्या, म्हणजे खालची दाढ झिजणार नाही. पोरीच्या तोंडात स्टील म्हटल्यावर आत्या आधी खवळल्या. मी त्यांना तोपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. टायफॉइड खोटा, औषध कुणी चोरून दिलं नाही, माझा आळ खोटा, रक्तातलंच आहे. रक्तातलं म्हटल्यावर माहेरी पाठवतील असं मनात येऊन गेलं.

आत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यावर आळ घेतलास तो घेतलास. त्या पायी पोरीचं डोकं धरून शपथ घ्याया लावलीस मला. ते मी इसरणार न्हाय." आणि थोड्या वेळाने, "कवा बसवायच्यात त्या टोप्या? मी येती संगं. तू रडत बसशील, पोरीला कोण धरणार?"

त्या आल्या. पोरीचे दोन्ही हात त्यांनीच धरले. नंतर गल्लीत कुणी स्टील बघून तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "दात न्हाईत ते, भांडी हायत आमची. कल्हई केलीया." स्नेहल खदखदून हसायची आणि चारी टोप्या चमकायच्या.

माझे उरलेले दात दोन खेपांत काढले आणि कवळी बसवली. ऑपरेटरला दिवसभर आकडे बोलावे लागतात. सहा आणि सात म्हणताना नवीन कवळीतून शीळ निघायची. पहिल्या आठवड्यात गगनबावड्याहून नेहमी कॉल लावणारा एक दुकानदार म्हणाला, "बाई, लई दिसांनी आला. आवाज बसलाय काय?" मी म्हटलं, हो, बसलाय. सवयीने खोटं बोलले. फोन ठेवल्यावर मला माझीच भीती वाटली.

आंबील

त्या दातांच्या डॉक्टरांकडून आल्यापासून मी आईशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. नुसतं बोलायचं बंद केलं. ती दर आठवड्याला येतच राहिली. माझे दात काढले तेव्हा नाचणीची आंबील करून स्टीलच्या किटलीत घेऊन यायची. माझ्यापुढं वाटी ठेवायची आणि समोर बसायची. मी आंबील प्यायची, वाटी धुऊन ठेवायची आणि आत जायची. आत्या आतून म्हणायच्या, "आई हाय ती तुझी. दोन शब्द बोल की." ज्या बाईवर मी आळ घेतला ती मला हे सांगत होती. मी म्हणायची, बोलेन.

दीड वर्ष मी बोलेन म्हणत होते. एका सकाळी कोडोलीहून निरोप आला. आई अंगणात पडली ती उठलीच नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा बायका पाणी तापवत होत्या. आईला घोंगड्यावर ठेवलं होतं. पडताना कवळी निसटली होती आणि मामींनी ती उचलून ताटलीत ठेवली होती. त्या मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "वन्संना कवळी हुती हे मला बी ठावं न्हवतं गं. काय करायचं हिचं?"

मी आईच्या तोंडाकडे बघितलं. गाल आत गेले होते, ओठ मिटून आत वळले होते. ती एकदम नव्वद वर्षांची दिसत होती. हे तोंड तिने माझ्या बापालाही दाखवलं नसेल. अंगणात माणसं जमायला लागली होती. मी ताटली घेतली, कवळी पाण्याने धुतली, आईचा जबडा हळूच उघडला आणि ती बसवली. ओठ मिटवले. मग बायकांना आत बोलावलं.

एक म्हातारी तोंड बघायला पुढं झाली आणि म्हणाली, "ह्या वयात बी दात बघा कसं मोत्यावानी. एक पडला न्हाई." मी होय म्हटलं. आईसाठी मी बोललेली ती शेवटची गोष्ट होती, आणि तीही खोटी.

मला तिच्यावर राग होता आणि आजही आहे. तिच्याशी बोलले नाही याचं दुःख त्याहून मोठं आहे. एक आहे म्हणून दुसरं कमी होत नाही. असे दात तुमच्याही घरात असतील तर लेकीला, सुनेला, व्याह्याला आधी सांगा. लग्न मोडलं तर मोडू दे. तेवढं सांगितलं असतं तर माझ्या पोरीचा कान राहिला असता.

कान कुणाकडून

स्नेहलला पक्के दात आले तेही त्याच रंगाचे. पण या वेळी आम्ही तयार होतो. दाढा आल्या आल्या टोप्या, पुढच्या दातांवर दातांच्या रंगाचं आवरण. आज ती ऊस सोडून सगळं खाते. शाळेत ती नेहमी डाव्या भिंतीशी बसते, म्हणजे सगळा वर्ग तिच्या उजवीकडे येतो. हे तिने स्वतःच शोधून काढलं.

नववीत असताना एका शनिवारी सकाळची शाळा करून ती आली. वर्गात आनुवंशिकता शिकवली होती. दप्तर टाकलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मम्मी, माझे दात तुझ्याकडून आले. तुला आजीकडून. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझा कान कुणाकडून आला? आपल्यात कुणालाच असा कान नाही."

मी चपात्या लाटत होते. उत्तर तयार होतं. लहानपणी ताप आला होता, त्यात गेला. अर्धं खरंच होतं ते. एवढं म्हटलं असतं तर ती जेवायला बसली असती आणि पुन्हा कधी विचारलं नसतं. आत्या बाहेर पाटावर शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. माझ्या आईच्या तोंडात काय आलं होतं आणि तिने ते कसं गिळलं असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी गॅस बंद केला. तिला खाली बसवलं, तिच्या उजव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. आजीने सांगितलेला खोटा टायफॉइड, बाटली, मोरी, तांब्याभर पाणी, लसणाचं तेल. मीच केलं हे सांगितलं. आजीवर ढकललं नाही.

ती शेवटपर्यंत न हलता ऐकत होती. मग तिने एकच विचारलं. "म्हणजे औषध घरात आलं होतं?"

"आलं होतं."

"पप्पांनी आणलं होतं?"

"हो."

तिने मान हलवली. उठून आतल्या खोलीत गेली, कॉटवर आडवी झाली आणि उजवा कान उशीत दाबून घेतला. मी दारातून दोनदा हाक मारली. मग लक्षात आलं की माझी हाक तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तिला ती पोहोचू द्यायचीही नाही.

आत्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं काहीतरी टाकून बोलतील. त्या म्हणाल्या, "बस जा तिच्याजवळ. तू तुझ्या आईशी किती दिवस बोलली न्हवतीस, ठाव हाय की तुला."

मी आत गेले आणि कॉटशेजारी खाली फरशीवर बसले. दुपार टळून गेली. स्नेहलने कूस बदलली नाही. मी उठले नाही.